उन्हानं शिजलेला मणी

सांगली,
९ डिसेंबर १९७७

लालादादा,

नमस्कार-चमत्कार सगळे शेवटी. आधी एवढंच कळव, आत्या घरी पोचली का?

काल सकाळी तिचं ऑपरेशन होतं. मी ड्यूटीवर आले तर खाट रिकामी. दवाखान्याचा झगा नीट घडी करून उशाशी ठेवलेला, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या. पळून जाणारं माणूस एवढी काळजी घेतं होय? शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली की उजाडायच्या आत उठल्या, पदर खोचला, "येते" म्हणाल्या आणि गेल्या. एक डोळा कायमचा गेलेला, दुसऱ्यात नुसतं धुकं, आणि या बाईनं सांगलीचा स्टँड शोधून विट्याची गाडी पकडली, हे मला स्टँडवर विचारल्यावर कळलं. अशा माणसाला आम्ही हाताला धरून संडासला नेत होतो.

डॉक्टरसाहेब मला सगळ्यांसमोर काय म्हणाले ते ऐक. म्हणाले, "सिस्टर, स्वतःची आत्या तुम्हाला थोपवता येत नाही, मग बाकीच्या पेशंटना तुम्ही काय धीर देणार?" डोळ्यांच्या वॉर्डात मी इतकी वर्षं नोकरी केली, मान कधी खाली घातली नव्हती. काल घातली.

माझी मान जाऊ दे. मोतीबिंदू पूर्ण पिकलाय. होळीच्या आत काढला नाही तर तो आतल्या आत फुगेल, डोळा लाल होईल, ठणकेल, आणि मग काढूनही काही उपयोग नाही. तिला दुसरा डोळा नाही, दादा. माझी आई गेल्यावर या बाईनं मला तुझ्याबरोबर वाढवलं, सगळ्या भावकीशी भांडून नर्सिंगला पाठवलं. माझ्याच वॉर्डातून ती आंधळी व्हायला घरी जाणार असेल तर मी हा पांढरा ड्रेस कशाला घालू?

तू तिला नक्की काय सांगून आणलं होतंस? मी तुला बजावलं होतं की सगळं समजावून आण.

वहिनींना नमस्कार.

मनू


औंधजवळून,
१५ डिसेंबर

मनू,

आई पोचली. औंधला एस.टी.तून उतरून पुढं चालत आली, कुणाच्या तरी बैलगाडीमागनं. घरात येऊन चुलीपुढं बसली ती अजून तिथंच आहे. जेवते, पाणी पिते, दवाखान्याचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करते. ऑपरेशनच्या तयारीत पापण्यांचे केस कापलेत त्यामुळं तिचं तोंड ओळखू येत नाही. तुझी वहिनी बनुबाई तर बघून रडायलाच लागली.

तू मला विचारतेस काय सांगून आणलं. मी सगळं व्यवस्थित समजावलं होतं. पलटणीत पंधरा वर्षं रंगरूट शिकवलेत मी, मला कुणाला काय सांगायचं ते कळतं. प्रश्न तू काय सांगितलंस हा आहे. मोठ्या मिनतवारीनं तिच्या तोंडून एवढं काढलं, ते तिच्याच शब्दांत लिहितो. "मनीनं भिताडावर डोळा टांगला व्हता, भाकरीएवढा. मधोमध चिरल्याला. आन् काठी लावून सांगत व्हती, हितनं कापायचं, हितनं काढायचं."

आता सांग. आम्ही रायफल शिकवताना रायफल खोलून दाखवतो, गोळी पोटात शिरल्यावर आतडी कशी दिसतात ते रंगवून भिंतीला लावत नाही. भाकरीएवढा चिरलेला डोळा बघून जनरल पळून जाईल, माझ्या आईचं काय घेऊन बसलीस.

गावात ज्याच्या त्याच्या तोंडी नवीच अफवा. धोंडुबाई म्हणते, दवाखान्यात डोळा काढून बशीत ठेवतात, धुतात आणि परत बसवतात. एकाचा बशीतला डोळा मांजरानं नेला म्हणे. कुणाचा, कुठला, विचारलं की "पल्याडच्या गावचा". पल्याडच्या गावात गेलं की तिथली माणसं आपल्या गावचं नाव सांगतील.

शहाणी आहेस, शिकलेली आहेस, आता तूच काढ यातनं मार्ग.

लाला


सांगली,
२२ डिसेंबर

लालादादा,

तो तक्ता मी रंगवलेला नाही. वरून छापून आलाय. डॉक्टरसाहेबांनीच हे काम माझ्या गळ्यात घातलं: ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटना गोळा करायचं आणि माहिती द्यायची, म्हणजे त्यांची भीती जाईल. कामात अर्थ आहे, उगीच नाही. घाबरलेला माणूस टेबलावर डोळा गच्च आवळतो, श्वास कोंडतो, मान उडवतो, आणि डोळ्याच्या आतला द्रव बाहेर येऊन हातचं ऑपरेशन बिघडतं. शांत माणसाचा डोळा वाचतो. म्हणून मी काठी घेऊन उभी राहिले आणि भिंग, बाहुली, पडदा असं सगळं पाठ म्हणून दाखवलं. समोर बसलेली माणसं माना डोलवत होती. मला वाटलं, समजतंय.

गेल्या पत्रात लिहिलं नाही ते आता लिहिते. त्या सकाळी आत्या एकटी गेली नाही. आणखी चौघं गेली. एक म्हातारा तर झग्यासकट गेला. तेव्हा तक्त्याबद्दल तू बोललास ते झोंबलं, पण खोटं नाही. तक्ता मी गुंडाळून कपाटावर टाकलाय.

आता ऐक. परवा मैत्रिणीकडं जेवायला गेले होते. बोकडाची मुंडी होती. माझ्या ताटात डोळ्यातला मणी पडला, पांढरा, गुळगुळीत, आणि मला एकदम आपलं घर आठवलं. जत्रेच्या मुंडीतले दोन मणी आत्या आपल्याला एकेक वाटून द्यायची, आणि तू माझा हिसकावून घ्यायचास. आठवतं? दादा, तेच ते. माणसाच्या डोळ्यातही तसाच मणी असतो. तो काचेसारखा असतो तोवर दिसतं, पांढरा झाला की मोतीबिंदू. ऑपरेशनमध्ये तेवढा मणी काढतात. डोळा जागच्या जागी राहतो. बशी नाही, मांजर नाही.

पंधरा दिवसांवर आपल्या म्हसोबाची जत्रा आलीय. त्या दिवशी मुंडीतला मणी आत्याच्या तळहातावर ठेव आणि म्हण, "एवढाच काढायचा आहे." बास, एवढंच. आणि हे तिला एकटीलाच सांग, चुलीपुढं बसून. गाव गोळा करू नकोस. तुझा स्वभाव मला माहीत आहे, म्हणून पुन्हा लिहिते: गाव गोळा करू नकोस.

मनू


औंधजवळून,
१० जानेवारी १९७८

मनू,

गाव गोळा केला. आधीच सांगून टाकतो.

मला वाटलं, एकट्या आईला सांगून काय, गावात आणखी सातजण मोतीबिंदूचे आहेत, सगळ्यांचं एकदमच होऊन जाईल. जत्रेच्या दिवशी पारावर उभा राहिलो. धुळा धनगराकडनं दोन मुंड्या मागवल्या होत्या, एक कच्ची, एक शिजवलेली. कच्चीतला मणी काढून दाखवला, काचेसारखा स्वच्छ. "हा तरणा डोळा." शिजलेल्या मुंडीतला काढला, पांढराफटक. "हा मोतीबिंदू." हातोहात सगळ्यांकडं फिरवला. आई पुढं बसली होती, तिनं मणी बोटात धरून कितीतरी वेळ चाचपला. मी मनात म्हटलं, फत्ते.

तेवढ्यात धोंडुबाई उठली. म्हणाली, "व्हय रं लाला, ह्यो उकडल्यावर पांढरा झाला. मंग आमचं डोळं बी आदी उकडत्यात व्हय?"

मी म्हटलं तसं नाही. तर नानासो म्हणाला, तसं नसेल तर दोन मुंड्या कशाला आणल्यास. मी म्हटलं फरक दाखवायला. तर तो म्हणाला, फरक उकडल्यानंच पडला ना? मनू, मी रागानं बोलायला लागलो आणि जसजसा बोललो तसतसं त्यांचं पक्कं होत गेलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत झालं की सांगलीला डोळ्यात आधणाचं पाणी ओततात, आणि हे खुद्द लालासाहेब हवालदारानं पारावर सांगितलं. सातही जणांनी नावं मागं घेतली. एकजण मला वाटेत गाठून म्हणाला, "गड्या, तू सांगितलंस म्हणून बरं झालं, न्हाईतर गेलो असतो."

आई मधेच उठून घरी गेली. मणी मात्र परत दिला नाही.

मी हात टेकले. तोफखान्यापुढं उभं राहणं सोपं. थेंब घालतो म्हणून नेली होती तसंच पुन्हा काहीतरी सांगून आणतो, टेबलावर घेतल्यावर तुम्ही धरून ठेवा. दुसरा इलाज मला दिसत नाही.

लाला


सांगली,
१६ जानेवारी

लालादादा,

"थेंब घालतो म्हणून नेली होती."

हे वाक्य मी चार वेळा वाचलं. "सगळं व्यवस्थित समजावलं होतं" असं छाती पुढं काढून लिहिणारा तूच ना? तू तिला थेंबांच्या नावाखाली सांगलीला आणून टाकलंस, आणि मग मी तिच्यापुढं चिरलेला डोळा टांगला. ती पळाली याचं नवल नाही, मुक्कामाला राहिली याचंच नवल. आणि आता पुन्हा तेच करायचं म्हणतोस, वर धरून ठेवा म्हणतोस. वॉर्डात माणसं आहेत, दादा, नाल ठोकायला आणलेले बैल नाहीत.

रागावले आहे आणि रागानंच लिहिते आहे, पण नीट वाच. माझी चूकही माझ्या आता ध्यानात आलीय. मी डोळ्याबद्दल सांगत बसले. माणसाला डोळ्याबद्दल ऐकायचं नसतं, स्वतःबद्दल ऐकायचं असतं. मला काय होणार, किती दुखणार, कोण जवळ असणार. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणून तिला हे सांग, क्रमानं, काही गाळू नकोस, काही वाढवू नकोस. डोळ्याच्या बाजूला सुई टोचतात. ती दुखते, बाभळीचा काटा मोडावा तशी, मग बधिर होतं. त्यानंतर कुणीतरी डोळ्यापाशी काम करतंय एवढंच कळतं, दुखत नाही. मग दोन्ही डोळ्यांवर पट्टी. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून काही दिवस उताणं पडायचं, खोकायचं नाही, मिसरी अजिबात नाही. ते दिवस वाईट जातात. पाठ धरते, अंधाराचा वैताग येतो. नंतर जाड चष्मा, जन्मभर. आणि सांग की मनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत हात धरून उभी असेल.

आधणाच्या पाण्याचं तू घातलेलं तूच निस्तर.

डोळा लाल झालाय का? ठणकतो का? तू एका अक्षरानं कळवत नाहीस. मला रजा नाही, नाहीतर आले असते. दादा, मला फार भीती वाटते. होळी जवळ आली.

मनू


औंधजवळून,
३ फेब्रुवारी

मनू,

तुझं पत्र तीन दिवस खिशात घेऊन हिंडलो. मग आईपुढं बसलो आणि वाचूनच दाखवलं. सुई, काटा, वाळूच्या पिशव्या, मिसरी, सगळं. थेंबांचं खोटं सांगितलं होतं हेही माझ्या तोंडानं सांगितलं. पलटणीत असताना कोर्टापुढं उभा राहिलो नाही, ते घरात राहिलो.

ती उठली, काठी घेतली आणि धुळ्याच्या मेंढवाड्यावर गेली. तेव्हापासून रोज तिथंच जाते. धुळ्याची बायको हरणाबाई आणि ती, दोघी मेंढरांत बसलेल्या असतात. काय बोलतात कळत नाही. मी जवळ गेलो की गप्प होतात.

डोळ्यातून पाणी येतं. लाल नाही अजून. ठणकतो का विचारलं तर म्हणते, "तुला काय करायचंय?"

खरं सांगून बघितलं. त्याचा हा असा उपयोग झाला. मला आता काही सुचत नाही.

लाला


सांगली,
१९ फेब्रुवारी

लालादादा,

आत्या इथं आहे हे तुला कळलंच असेल, निदान मेंढवाड्यावर चौकशी केल्यावर तरी. तार करणार होते, पण तारेत मावणारं नव्हतं.

सोमवारी ओ.पी.डी.च्या रांगेत हरणाबाई दिसली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून आत्या. मला हाक मारली नाही, काही नाही, रांगेत उभी. नंबर आल्यावर माझ्यापुढं बसली आणि कमरेची चंची सोडली. मला वाटलं मिसरी काढते, ओरडणारच होते. तिनं तुझा जत्रेतला मणी काढला. सुकून खडूसारखा झालेला.

म्हणाली, "मने, धुळ्याकडं एक म्हातारी मेंढी हाय. जित्ती. तिचा मनी बी आसाच पांढरा. तिला कुनी उकडलं न्हाई. मीच हरणीला म्हनलं, आपला उन्हानं शिजलाय. साठ वर्सं माळावर उनात काडली, आनी काय व्हनार? शिजलाय त्यो शिजलाय, आता काडा."

मी उठून तिच्या गळ्यात पडले. रांगेतली माणसं बघत होती, बघू देत.

मग मी विचारलं की पहिल्यांदा पळालीस ती का? तक्त्याला भ्यालीस? म्हणाली, तक्ता वाईट होता, पण तक्त्याला नाही. दादा, तिचा पहिला डोळा ज्यानं घालवला तो बाजारातला सुईवाला आठवतो का? आपण लहान होतो. तोही तिला म्हणाला होता, "काय न्हाई मावशे, नुसतं थेंब घालतो." आणि डोळ्यात सुई खुपसून मणी आत ढकलला. इथं पापणीचे केस कापायला घेतले तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हे थेंबांचं काम नाही. सुईवाल्याचेच शब्द पोटच्या पोरानं वापरले, एवढंच तिला त्या रात्रभर दिसत होतं. तू बिचारा तक्त्याच्या नावानं बोटं मोडत होतास आणि मी तुझ्या.

तिनं मला एकच अट घातली. जे करशील ते करायच्या आधी मला सांगायचं. एकदा जरी खोटं सांगितलंस तर टेबलावरनं उठून जाईन.

बुधवारी ऑपरेशन झालं. मी हात धरून उभी होते. "आत्या, आता सुई. दुखेल." तिनं माझी बोटं अशी दाबली की अजून सुजलेली आहेत. "आता बधिर झालं. आता कापतात, कळणार नाही." "आता मणी निघतोय, श्वास सोड." डॉक्टरसाहेब आधी वैतागले, सिस्टर हे काय समालोचन चाललंय म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की डोळा हलत नाही, पापणी आवळत नाही. म्हणाले, चालू ठेवा. मणी अख्खा निघाला. आत्यानं तोंडावरच्या कापडाखालून विचारलं, "निगाला का? सुईवाल्यावानी आत न्हाई ना ढकलला?" डॉक्टरसाहेबांनीच उत्तर दिलं, की आजी, निघाला, माझ्या हातात आहे.

आता ती वाळूच्या पिशव्यांमध्ये उताणी पडून सगळ्या वॉर्डाला वैताग आणते आहे. मिसरीसाठी मला रोज शिव्या देते. पण शेजारच्या खाटेवर नवीन बाई आली, थरथर कापत होती, तिला पट्टीआडूनच म्हणाली, "सुई दुखती. बाकी काय न्हाई. मी खोटं सांगत न्हाई." ती बाई त्या रात्री झोपली. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणानं एकजण कधी झोपला नव्हता.

ये तिला बघायला. आणि आल्यावर ती काय बोलेल ते ऐकून घे.

मनू


औंधजवळून,
१४ एप्रिल

वन्सं, मी बनुबाई. आत्याबाई सांगतायत तसं लिहिते, मला शब्द बदलू देत नाहीत.

मने,

चष्मा आला. बाटलीच्या बुडावानी जाड हाय. तू म्हनलीस तसा जड हाय, नाकाला वळ पडतो, ते तू आदी सांगितलं व्हतं म्हनून कुरकुर करत न्हाई. पायरी हाय त्यापरास जवळ दिसती, ते बी तू सांगितलं व्हतं. दोनदा ठेचाळले, पन पडले न्हाई.

आरशात बघितलं. चष्म्यातनं माझा डोळा केवडा दिसतो ठावं हाय का तुला? तुझ्या भिताडावरच्या डोळ्याएवडा. भाकरीएवडा. तवा त्यो कपाटावरचा तक्ता फेकू नगंस, पन लावू बी नगंस. कुनाला बघायचाच आसंल तर मला बलीव.

धोंडुबाई रोज येती. माझ्या डोळ्यात वाकून बघती, उकडल्याची खून हुडकती. नानासो बी आला व्हता. मी लालाला म्हनलं, तू बोलू नगंस, तू पारावर बोललास तेवडं बास. मी सांगितलं सुई दुखती, आन् आट दिस मिसरी न्हाई. सातांतलं पाचजन यायचं म्हनत्यात. मिसरीपायी दोगी आडल्यात.

लाला मला न्यायला सांगलीला आला तवा पट्टी व्हती, नुसता आवाज वळखला. घरी चष्मा घातला आन् त्याच्याकडं बघितलं. मिशा पांढऱ्या, टाळू उगडी, डोळ्याखाली काळं. मी कितीतरी येळ बघत बसले, त्यो लाजला, उठून गोठ्यात गेला.

सुई सांगितलीस, वाळू सांगितलीस, चष्म्याचा जडपना सांगितलास, समदं आदी सांगितलंस. पन मने, माझा लाला म्हातारा झालाय, हे तू सांगितलं न्हाईस.

तुझी आत्या